मामापेक्षा कमी

दत्तरावांशी भांडायला आता कुणी उरलं नव्हतं. बरोबरीचे होते ते एकेक करून गेले, आणि मागं राहिले ते सगळे पाया पडणारे. तीन बिऱ्हाडं मेंढरं घेऊन एकत्र फिरायची. एक दत्तराव आणि त्यांची बायको म्हाळसाबाई यांचं, दुसरं पुतण्या गोपाळचं, तिसरं भाचा भुजंगचं. आज कुठल्या रानात जायचं, रात्री कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची, त्याचे शेतकऱ्याकडून किती घ्यायचे, हे दत्तराव बोलायचे आणि बाकीचे मान हलवायचे. चुकीचं बोलले तरी हलवायचे. वालूरच्या शिवारात असताना एकदा त्यांनी मुद्दाम, गंमत म्हणून, उगवतीकडं काठी दाखवली आणि म्हणाले, "आज सेलूच्या अंगानं जाऊ." सेलू मावळतीला. तरी भुजंग मुकाट्यानं घोडं उगवतीकडं वळवायला लागला. कुणी हसलं नाही, मग दत्तरावांनाही हसता आलं नाही. दिवसभर त्यांच्या जिवाला उगीच कसंतरी होत राहिलं.

मुलगा बिरदेव असता तर भांडला असता. तो पुण्याकडं कंपनीत लागला होता आणि फोनवर एकच बोलायचा, "विकून टाका अन् इकडं या." यावर दत्तराव फोन म्हाळसाबाईकडं द्यायचे.

दिवाळीपासून होळीपर्यंत सेलू-वालूरच्या काळ्या रानात मेंढरं कापसाच्या पऱ्हाट्यांवर जगायची. होळी झाली की ओढे आटायचे आणि तिन्ही बिऱ्हाडं खाली गोदावरीकडं, सोनपेठच्या बाजूला सरकायची. तिथं गेल्यावर तिघं पांगायचे, कारण उन्हाळ्यात एका विहिरीवर तीन खांडं, म्हणजे तीन कळप, जगत नाहीत. ज्याची त्याची जागा ठरलेली होती. गोपाळची एका बागायतदाराच्या मळ्यात, भुजंगची नदीकाठच्या पडीत आणि दत्तरावांची सरकारी फारमावर. फारम म्हणजे सरकारचं बियाणं तयार करायचं शेत. साहेब बदलत राहिले, पण होळीनंतर दत्तराव फाटकावर आले की आतून "या तात्या" व्हायचं. रात्री रिकाम्या रानात वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लावायची. रात्रभर मेंढरं तिथं बसायची, लेंड्या-मूत पडून रान खतायचं. दुसऱ्या रात्री वाघर एक पट्टा पुढं. मृग लागेपर्यंत सगळं फारम होऊन जायचं. बदल्यात हौदाचं पाणी, लिंबाची सावली, आणि शेवटी एका कागदावर अंगठा देऊन थोडेफार पैसे.

दुसऱ्याच्या जागेत आपली वाघर लावायची नाही, हा मेंढपाळांचा नियम. तो कुठं लिहिलेला नाही, म्हणून अजून कुणी मोडला नव्हता.

यंदा मात्र दत्तरावांचा उजवा गुडघा चाळीच्या दारासारखा कुरकुरत होता. निम्म्या मेंढ्या नुकत्याच व्यायल्या होत्या. कोकरं घोड्याच्या पाठीवरच्या झोळीत आणि म्हाळसाबाईच्या ओट्यात होती. विहिरी सगळीकडंच खाली गेलेल्या. फारमाच्या विहिरीला तेवढं पाणी होतं. फारमाच्या पुढं आणखी चालत जायचं तर गुडघा नाही म्हणत होता, आणि बिनपाण्याचं राहायचं तर व्यालेल्या मेंढ्या. फारम मिळालं तर खांड राहणार होतं, नाही तर बिरदेवचं म्हणणं खरं होणार होतं. हे म्हाळसाबाईला ठाऊक होतं, दत्तरावांनाही ठाऊक होतं.

फारमाचं फाटक बंद होतं. आतून परमेश्वर वॉचमन आला, पण कडी काढली नाही.

"तात्या, रामराम. आत न्हाई घेता यायचं."

"कामून रं?"

"मॅडम आल्यात नव्या. त्येंना भेटा म्हन्ल्यात पयलं."

"मेंढरं तर पाण्यावर सोडू दे. सकाळपासून तोंड वलं न्हाई त्येंचं."

"तुमाला आत घेतलं तर मलाच घरी बसवतील त्या," परमेश्वर म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण कडी काही हलली नाही.

मेंढरं रस्त्यावरच थांबली. फाटकातून हौद दिसत होता, पाण्याचा वास येत होता. पुढच्या मेंढ्या फाटकाला तोंडं घासायला लागल्या. उसाचे ट्रॅक्टर हॉर्न वाजवत अंगावर यायला लागले. एक ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, "ए म्हाताऱ्या, रस्ता काय तुझ्या बापाचा हाय का?" गोपाळ आणि भुजंग अजून आपापल्या जागेकडं पांगले नव्हते, ते काठ्या घेऊन धावले. मामाला असं बोलला म्हणून ते त्याला खाली ओढणार होते. दत्तरावांनीच हात केला. कुणीतरी आपल्याला एकेरीत बोललं, याचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं.

आत कचेरीत राजेश्री मॅडम पंख्याखाली बसल्या होत्या. वयानं लहान, बोलायला बऱ्या. दत्तरावांनी वहाणा बाहेर काढल्या, तर त्या म्हणाल्या, "अहो, घालून या, फरशी तापलीय." खुर्ची दिली. चांगल्या माणसाशी भांडताही येत नाही, ही वेगळीच पंचाईत.

"तुमच्याबद्दल सगळे चांगलं सांगतात," मॅडम म्हणाल्या. "शेणखतापेक्षा तुमच्या पट्ट्यातलं पीक बरं येतं, हेही मी बघितलंय. पण काका, खरेदीचे नियम बदलणार आहेत. एप्रिलच्या नवीन आर्थिक वर्षापासून आम्हाला काहीही घ्यायचं तर पोर्टलवरूनच घ्यावं लागणार. मी शोधून बघितलं. पोर्टलवर पोत्यातलं खत आहे. मेंढ्या आहेत, विकत घ्यायच्या. मेंढ्या रात्री आणून बसवायच्या आणि सकाळी न्यायच्या, असं काम तिथं नाहीच."

"मंग आता ओ?"

"या महिन्यात अजून जुन्या पद्धतीनं देता येतंय. तीन जणांचे दर मागवायचे, बंद पाकिटात. ज्याचा सगळ्यात कमी, त्याला काम. एकदा आदेश निघाला की मृगापर्यंत कुणी विचारणार नाही. तुमचे दोघं सोबतीला आहेत ना, त्यांचेच दर द्या. तुमचा सगळ्यात कमी असला म्हणजे झालं." त्या जरा थांबल्या, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ते दोघं थोडं वरचं लिहितील. समजलं ना काका?"

"समजलं," दत्तराव म्हणाले.

त्यांना खरंच समजलं होतं. पुढं जे झालं ते अडाणीपणानं झालं असं कुणी म्हणू नये. सोनपेठच्या बाजारात सिमेंटवाला, खडीवाला, शाळेची बाकं करणारा, सगळे असेच तीन कागद देतात आणि तिन्ही एकाच्याच खिशातून निघतात, हे दत्तरावांनी चहाच्या हॉटेलात कितीदा तरी ऐकलं होतं.

मॅडमनी तेवढ्यापुरतं पाणी पाजायला सांगितलं. मेंढरं हौदावर तुटून पडली. पाजून झाल्यावर ती परत बाहेर काढून रस्त्यापलीकडच्या पडीत न्यावी लागली. पाणी प्यालेलं मेंढरू सावलीतून उठत नाही. ओढून, ढकलून, कोकरं पुढं धरून त्यांना बाहेर काढताना तिन्ही घरच्या माणसांची कंबर मोडली. परमेश्वरनं फाटक लावून घेतलं.

दिवस कलला तेव्हा पडीत वाघरीच्या मेखा ठोकायचं काम चाललं होतं. जमीन दगडासारखी झाली होती. भुजंग ठोकत होता, गोपाळ जाळी ताणत होता. दत्तराव एका मेंढीचा खूर मांडीवर घेऊन त्यातला काटा काढत बसले होते. बोलायचं ते आता बोलायला हवं होतं.

"उद्या सोनपेठला जाऊन कागद करायचेत," ते खुराकडं बघत म्हणाले. "तिघायनं आपापला दर लिवून द्यायचा. शेकडा मेंढराला रातीचं काय घ्यायचं ते. मी पाचशे लिवणार हाय."

"बरं मामा," भुजंग म्हणाला.

"बरं तात्या," गोपाळ म्हणाला.

दत्तराव थांबले. आता यांच्यातला एक तरी विचारेल की, फारम तुमचं, मग आमचा दर कशाला? विचारलं की सांगता येईल. खुरातला काटा निघाला, रक्ताचा थेंब आला, त्यावर त्यांनी हळद दाबली. भुजंगनं पुढची मेख घेतली. कुणी काही विचारलं नाही.

तीन दगडांच्या चुलीवर म्हाळसाबाई भाकरी टाकत होती. ती पोरं लांब गेल्यावर बोलली.

"सरळ सांगा की त्येंना, वरचं लिवा म्हून."

"कळतंय त्येंना."

"काय कळतंय? बरं म्हन्लं म्हंजी कळलं का? तुमी त्येंला हिरीत उडी मारा म्हन्लं तरी बरंच म्हंतेत ते."

"मंग काय सांगू?" दत्तराव एकदम तापले. "सगळ्यायचा दर आजवर म्या बोललो. कुणी तोंड उगडलं न्हाई माज्या म्होरं. आता म्याच म्हनू, माज्या वर बोला? आज सांगितलं म्हून बोलतील, उद्या न सांगता बोलतील."

"मंग म्या सांगते."

"तू मदी पडू नको."

भाकरी करपली ती तिनं आपल्या ताटात घेतली. दत्तराव त्या रागाच्या भरात जरा हलके झाले होते, कारण कुणाशी तरी दोन शब्द वर-खाली झाले होते. पण सांगायचं ते राहिलंच. म्हाताऱ्याचा मान आणि म्हाताऱ्याची भीती एकाच झोळीत होती, त्यातलं नेमकं काय बाहेर काढायचं हे त्यांना उमजलं नाही.

सोनपेठच्या बाजारात कॉम्प्युटरवर कागद करून देणारी साक्षी नावाची पोरगी होती. दत्तराव गर्दी नको म्हणून आधीच आपला कागद करून, पाकीट चिकटवून, घोड्याला सरकी आणायला गेले. मग गोपाळ आणि भुजंग पुढं झाले. दोघंही अंगठे नीट धुऊन आले होते.

"रक्कम किती टाकू?" साक्षीनं विचारलं.

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. आयुष्यात कधी त्यांनी आपल्या तोंडानं दर सांगितला नव्हता.

"तात्यानं पाचशे लिवलंय," गोपाळ म्हणाला.

"मंग तुमी किती?"

"थांब बाई जरा." गोपाळनं भुजंगला बाजूला घेतलं. "कसं करायचं रं? तात्याच्या वर लिवता येतंय का?"

"मामाच्या वर? जीभ झडंल आपली."

"बरोबरीचं लिवू?"

"बरोबरीचे हाव का आपुन त्येंच्या?"

ते तर खरंच होतं. गोपाळनं डोकं खाजवलं. मागं रांग लागली होती. एक माणूस "आटपा की बाप्पा" म्हणून ओरडला. त्यानंही घाई झाली.

"मंग खालीच. मी साडेचारशे लिवतो."

"तुमी माज्याहून थोरले," भुजंग म्हणाला. "मी चारशे."

साक्षीनं टाइप केलं. तिला दिवसात असे शंभर कागद. कोण कुणाचा मामा हे विचारायला ती बसली नव्हती. दोघांनी अंगठे उठवले, पाकिटं चिकटवली आणि बाहेर येऊन चहा प्याले. मामाच्या शब्दाला बोट लागू दिलं नाही म्हणून दोघांची छाती भरून आली होती. भुजंगनं तर म्हाळसामामीसाठी जिलबी घेतली.

पाकिटं फोडायच्या दिवशी तिघंही धुतलेली पागोटी बांधून कचेरीत गेले. मॅडमच्या शेजारी तालुक्याहून आलेले एक हिशेबनीस बसले होते. त्यांनी पाकिटं कातरली, मोठ्यानं वाचली आणि रजिस्टरात उतरवली. दत्तराव, पाचशे. गोपाळ, साडेचारशे. भुजंग, चारशे.

मॅडमनी मान वर करून दत्तरावांकडं पाहिलं. हिशेबनीस समोर होते, त्यामुळं त्यांना काही बोलता येईना.

"भुजंग कोण?" हिशेबनिसांनी विचारलं. "काम तुम्हाला."

भुजंगला वाटलं, त्याला काहीतरी काम सांगतायत. तो उठून उभा राहिला. "कंचं काम साहेब?"

"मेंढ्या बसवायचं. तुमचा दर कमी आहे."

मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. त्याचं तोंड पांढरं पडलं. "न्हाई न्हाई, साहेब, ती मामाची जागा हाय. म्या कसा बसंल तिथं? माजं खोडा. पुसून टाका ते."

"पुसायला ही काय पाटी आहे? दर दिला, अंगठा दिला."

"म्या तर मान म्हून कमी लिवलं."

हिशेबनिसांना हसू आलं. पंचवीस वर्षं पाकिटं फोडली, पण मान म्हणून कमी लिहिलेला दर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, असं ते म्हणाले. मॅडम हसल्या नाहीत.

"काका," त्या दत्तरावांना म्हणाल्या, "यांनी नाही म्हटलं तर दुसरा नंबर गोपाळरावांचा."

"मीबी न्हाई," गोपाळ घाईनं म्हणाला.

"दोघांनी नाकारलं तर तुमचा एकच दर उरतो, आणि एकट्या दरावर काम देता येत नाही. सगळं रद्द. फेरमागणी करायला आता दिवस नाहीत, महिना संपला. नवे नियम लागले की मला पोत्यातलं खत घ्यावं लागेल. एकदा ते सुरू झालं की फारमावर पुन्हा मेंढ्या येणार नाहीत. तुमच्याही नाहीत, कुणाच्याच नाहीत."

भुजंग खाली बसला आणि त्यानं दत्तरावांचे पाय धरले. एवढा दांडगा गडी, लहान पोरासारखा रडायला लागला. "मामा, मारा मला. पण असं काय झालं हो हे?"

दत्तरावांना त्याला मारावंसं वाटलं. "गाढवा, मला विचारायचं तरी" म्हणून ओरडावंसं वाटलं. पण विचारायची सवय कुणाला लावली होती? रस्त्यापलीकडच्या पडीत तीन खांडं तहानेली उभी होती, त्यातलं एक तरी आत जाऊ शकत होतं. त्यांच्या शब्दाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. तो शब्द आता एवढ्याच कामाचा उरला होता.

"भुजंगा," ते म्हणाले, "घे."

"मामा…"

"म्या सांगायलोय. घे."

भुजंगनं डोळे पुसले आणि मान हलवली.

फारमावर भुजंगची वाघर लागली. दत्तरावांची मेंढरं भुजंगच्या खांडात मिसळली. अर्धलीनं दिली, म्हणजे वर्षाला जी कोकरं होतील ती निम्मी निम्मी. हाही शब्द दत्तरावांनीच टाकला. भुजंगच्या नदीकाठच्या पडीपर्यंत गुडघा चालणार नव्हता, आणि व्यालेल्या मेंढ्यांना पाणी मिळायला दुसरा रस्ता नव्हता. गोपाळ आपल्या मळ्याकडं निघून गेला. जाताना तो पाया पडला तेव्हा त्याला वर बघता येईना.

भुजंग म्हणाला, "मामा, तुमी हितंच ऱ्हावा. जागा तुमचीच हाय, माजा निस्ता अंगठा." भुजंगची बायको शिवकन्या हिनं लिंबाखाली चांगलं घोंगडं अंथरलं. "मामंजी, बसा. कायबी करू नका." आणि खरंच काही करू दिलं नाही. दत्तराव मेख उचलायला गेले की भुजंग हातातून घेई. कोकरू पाजायला गेले की शिवकन्या पुढं होई. ताक, भाकरी, पाण्याचा तांब्या, सगळं जागेवर. पाहुणा दोन दिवसांचा असला की ते गोड लागतं. दत्तराव त्या घोंगड्यावर बसून तुरुंगातल्या माणसासारखे उन्हाची तिरीप सरकताना बघत राहिले.

रोज सांजेला परमेश्वर मोबाईल घेऊन यायचा. मेंढरं बसल्याचा फोटो वर पाठवावा लागत होता, आणि फोटोत ज्याचं काम तोच माणूस लागत होता.

"तात्या," पहिल्याच दिवशी तो ओशाळून म्हणाला, "जरा बाजूला व्हा. फोटूत यायलाव तुमी."

दत्तराव लिंबाच्या मागं गेले. दुसऱ्या दिवशी परमेश्वर येताना दिसला की ते आपणहून उठले.

पण खरी आफत मेंढरांची झाली. भुजंग "हिर्र, हिर्र" करून खांड वाघरीकडं वळवायचा. त्याची मेंढरं जायची. दत्तरावांची जागची हलायची नाहीत, लिंबाकडं तोंड करून उभी राहायची. दत्तराव खोकले की शंभर कान उभे. ते म्हाळसाबाईला काही बोलले की ओरडत तिकडं धाव. एकदा वाघर लावून झाली होती, फोटोही झाला होता, आणि घोंगडं झटकताना दत्तरावांच्या तोंडून सवयीनं "चला गं बायांनो" निघालं. मेंढरं जाळीवर जाऊन पडली. चार मेखा उपटल्या. दोन कोकरं पायाखाली आली, त्यातलं एक सकाळपर्यंत टिकलं नाही. भुजंग मेखा ठोकत राहिला. त्याच्या हाताला दोरीनं कापलं होतं. तो दत्तरावांना एका शब्दानं काही बोलला नाही.

बोलला असता तर बरं झालं असतं.

सकाळी शिवकन्या मेलेलं कोकरू पुरायला गेली. म्हाळसाबाई दत्तरावांच्या शेजारी येऊन बसली.

"भुजंग काय बोलायचा न्हाई. जनमभर बोलायचा न्हाई," ती म्हणाली. "म्हून म्याच बोलते. तुमी हितं हाव तवर ती त्येची होत न्हाईत. आन् त्येची झाली न्हाईत तर मरतील."

दत्तराव जमिनीवर काडीनं रेघा ओढत होते.

"तुला लय सोपं वाटतंय का?" ते म्हणाले.

"न्हाई वाटत. त्येंच्यातल्या निम्म्या म्या अंगावर निजवून वाढवल्यात."

म्हाळसाबाईचा हात घोंगड्यावर होता, तो दत्तरावांनी धरला. एवढ्या वर्षांत दिवसाउजेडी त्यांनी कधी असा हात धरला नव्हता. आता बघायला कुणी नव्हतं, परमेश्वर तेवढा हौद भरत होता.

गावचं घर वर्षात दोन महिनेच उघडायचं. तिथंच जायचं ठरलं. बिरदेवला म्हाळसाबाईनं फोन केला, तो म्हणाला, "बरं झालं." घोडं भुजंगकडंच राहिलं. भांडी, घोंगड्या, पीठ एवढंच एका गाठोड्यात बांधलं. भुजंग आणि शिवकन्या पाया पडले. भुजंग बसथांब्यापर्यंत गाठोडं आणतो म्हणाला, दत्तरावांनी हातानंच नको म्हटलं. तोंडानं बोलले नाहीत, कारण मेंढरं जवळच, कुंपणाच्या आत चरत होती.

बसथांब्याला जायची वाट फारमाच्या कुंपणालगतच होती. वारा पाठीमागून होता. दत्तरावांनी वहाणा काढून हातात घेतल्या, टाचांचा आवाजही त्या मेंढ्यांना ओळखीचा. काठी टेकली नाही, काखेत धरली. गुडघा जीव घेत होता. पायाखाली तापलेली माती आणि सराटे. खोकला आला तेव्हा त्यांनी पागोट्याचा शेव तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी आलं, पण खोकला दाबला. कुंपणाजवळ एक म्हातारी मेंढी होती, तिनं मान वर केली. दत्तराव जागच्या जागी उभे राहिले. म्हाळसाबाईही उभी राहिली. मेंढीनं थोडा वेळ वास घेतला, मग पुन्हा खाली तोंड घालून चरायला लागली. दोघं पुढं निघाली.

कुंपण संपलं. उसाचा एक फड गेला, मग कालवा आला. कालव्याच्या पुलावर दत्तरावांनी वहाणा घातल्या नाहीत, तसेच अनवाणी चालत राहिले. थांब्यावर कुणी नव्हतं. म्हाळसाबाईनं गाठोडं खाली ठेवलं आणि त्यांच्या तळपायातले सराटे काढायला बसली.

"आता बोला की," ती म्हणाली. "हितवर न्हाई ऐकू जायचं त्येंला."

दत्तरावांनी पागोट्याचा शेव तोंडातून काढला. ओठ हलवून पाहिले.

"काय बोलू?" ते म्हणाले. "कुणाला हाक मारायची ऱ्हायलीय आता?"

म्हाळसाबाईनं दुसरा पाय मांडीवर घेतला. लांबून बस येताना दिसत होती, तिला हात करायला दोघांतलं कुणीच उठलं नाही.